शोकेसमधली झेंडू

सुषमाकाकूंनी संपतरावांकडे कधी काही सरळ मागितलं नाही. मागायची त्यांना लाज वाटायची असं नाही, पण मागून मिळालेल्या वस्तूत त्यांना चव लागत नसे. स्वयंपाकघराला खिडकी हवी होती, तेव्हा त्यांनी खिडकीचा विषयच काढला नाही. संपतराव ओसरीवर माणसं घेऊन बसले, की काकू तव्यावर मिरच्या भाजायला घ्यायच्या. बऱ्याच बैठका ठसक्यात आणि शिंकांत वाहून गेल्यावर संपतरावांनी स्वतःच गवंडी बोलावला आणि घरात हवा कशी खेळती पाहिजे ते त्याला समजावून सांगितलं. काकू शेजारी उभ्या राहून नवऱ्याच्या हुशारीला मान डोलावत होत्या.

आम्ही त्यांच्या मागच्या आळीतले, म्हणून हे सगळं पाहिलेलं. वडगाव रासाईत भीमेच्या कडेला त्यांचा ऊस आणि थोडी शेवंती. संपतराव एकदा सरपंच होऊन गेलेले, आता विकास सोसायटीत संचालक. मुलगी राजनंदिनी पुण्यात शिकली आणि तिथंच नोकरीला लागली.

कंपनीनं तिला बंगळूरला पाठवलं, तेव्हा एका रविवारी ती घरी आली आणि पिशवीतून भोकं पाडलेल्या झाकणाचा एक प्लॅस्टिकचा डबा काढून आईच्या पुढ्यात ठेवला. आत केशरी अंगावर तांबडे ठिपके असलेला हातभर साप वेटोळं घालून बसला होता. त्याच क्षणी संपतरावांना महत्त्वाचा फोन आला. ते फाटकाबाहेर जाऊन कानाला हात लावून बराच वेळ बोलत होते. फोन घरात चार्जिंगला होता.

राजनंदिनीनं आईला सांगितलं, की ही झेंडू, कॉर्न स्नेक जातीची, मूळची अमेरिकेतली, बिनविषारी. आपल्याकडचे साप पाळायला बंदी आहे, पण हिची रीतसर नोंदणी केलेली आहे. बंगळूरचा घरमालक ऐकत नाही, तर दोन महिने सांभाळ. संपतरावांनी फाटकापासूनच अट घातली, की ते जनावर कोठीच्या खोलीतून बाहेर दिसता कामा नये. शेतकरी माणूस, उसात रोज साप बघतो असं ते चारचौघांत सांगायचे. उसात जाताना मात्र गड्याला पुढं घालायचे, हेही चारचौघांना माहीत होतं.

कॉर्न म्हणजे मका हे शेजारच्या तानुबाईंना कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून त्या सापासाठी मक्याची कणसं आणून देऊ लागल्या. काकूंनी त्यांना दुखवलं नाही. कणसं घ्यायच्या, भाजायच्या, लिंबू-मीठ लावून खायच्या आणि दुसऱ्या दिवशी सांगायच्या, की लई आवडीनं खाल्ली. झेंडूचं खरं खाणं म्हणजे पुण्याहून बर्फात येणारे उंदीर. ते फ्रीजरमध्ये आइस्क्रीमच्या डब्यात असायचे. संपतरावांनी तो डबा उघडू नये म्हणून काकूंनी त्यांना सांगून ठेवलं होतं, की त्यात कारल्याच्या फोडी आहेत.

दोन महिन्यांची दोन वर्षं झाली. झेंडू चांगली साडेचार फुटांची झाली. डब्यात तिला पसरायला जागा उरली नाही. घडी घातलेल्या पायजम्याच्या नाडीसारखी ती पडून राहायची आणि जागी झाली की झाकणाला नाक घासायची. नाकावरची खवलं पांढरी पडलेली काकूंनी पाहिली आणि त्यांचा जीव चुटपुटला. त्यांनी मुलीला व्हिडिओ कॉल लावला.

राजनंदिनी म्हणाली, आता तिला मोठं घर लागेल. निदान पाच फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच, म्हणजे तिला अंग सरळ करता येईल. दार पुढून उघडणारं हवं, कारण वरून हात आला की सापाला घारीनं झडप घातल्यासारखं वाटतं. दाराला कुलूप पाहिजे. एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा, म्हणजे तिला हवं तिथं ती जाईल. दोन्हीकडं लपायला जागा, चढायला फांदी, आणि हवा यायला बारीक भोकं. फट मात्र कुठंच नको.

बाजाराच्या दिवशी काकू शिरूरला गेल्या. आधी माशांच्या दुकानात शिरल्या. दुकानदारानं मोठी काचेची टाकी दाखवली आणि मासे किती ठेवणार ते विचारलं.

"एकच," काकू म्हणाल्या, "पण लांब हाय."

टाकी वरून उघडणारी होती. शिवाय चारी बाजूंनी काच म्हणजे बिचारीला लपायला आडोसाच नाही, आणि उन्हाळ्यात आत भट्टी होणार. काकू तिथून निघून फर्निचरवाल्या हौशीरामकडं गेल्या. त्यांच्या घरचं सगळं लाकूडकाम त्याचंच. एक पाहुणी राहायला आहे, तिला ऊब लागते, वाराही लागतो, आणि ती चारचौघांत बसत नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. हौशीरामनं थोडा विचार करून आरामखुर्ची दाखवली. मग देवघर दाखवलं. काकूंनी देवघराचं दार उघडून आत वाकून पाहिलं, खांदा आत जातो का ते तपासलं, आणि पाहुणी यात मावायची नाही असं सांगितलं.

नवं मिळेपर्यंत काय करावं म्हणून काकूंनी परसातलं कोंबड्यांचं जुनं जाळीचं खुराडं घासून, उन्हात वाळवून कोठीत आणलं. ते लांबरुंद होतं, पण जाळीनं नाक आणखी सोलवटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतात तर खुराडं रिकामं. दाराच्या बिजागरीपाशी करंगळीएवढी फट होती. डोकं गेलं तिथून सगळी झेंडू गेली होती.

काकूंनी आरडाओरडा केला नाही. त्या खाली वाकून घर शोधायला लागल्या. तानुबाई कणीस घेऊन आल्या, तर त्यांना सांगितलं की कानातली कुडी पडलीये. तानुबाई मायाळू बाई. त्यांनीही पदर खोचला आणि कॉटखाली, पेट्यांमागं, धान्याच्या पिंपामागं बिनधास्त हात घालायला लागल्या. काकू त्यांच्या पुढं पळून पळून, "तिथं मी बघितलंय, मावशी," असं म्हणत राहिल्या. शेवटी, कुडी सापडली म्हणून त्यांना घरी पाठवावं लागलं.

मग त्या पुढच्या खोलीत आल्या. दिवाणावर संपतराव दुपारची झोप घेत होते. त्यांच्या डोक्यापाशी त्यांचं शोकेस होतं. हौशीरामनं खास बनवलेलं, भिंतभर लांब, मोठ्या ढाली मावाव्यात म्हणून खांद्यापर्यंत हात जाईल इतकं खोल. सरपंचकीपासून मिळालेली सन्मानचिन्हं, ढाली, बैलगाड्यांच्या शर्यतीत मिळालेली पितळी बैलजोडी, सगळं त्यात मांडलेलं. सकाळी पाहुणे येऊन गेले होते, त्यामुळे आतला दिवा चालूच होता. दिवे दोन होते, पण उजवीकडचा केव्हाच गेलेला. डाव्या टोकाला, दिव्याखाली, बैलजोडीच्या मानेवर गळा टाकून झेंडू लांबच लांब झोपली होती. वायरसाठी मागं पाडलेल्या भोकातून ती आत आली असणार.

काकूंनी शोकेस नजरेनं मापलं. एक टोक उबदार, दुसरं गार. काच पुढून सरकणारी, तिला छोटं कुलूप. पाच फुटांच्या वर लांबी. सगळं शिरूर पालथं घातलं आणि घर घरातच होतं.

त्यांनी काच हळूच सरकवली, झेंडूला दंडाभोवती घेतलं आणि वरून पदर ओढला. तेवढ्यात संपतरावांनी डोळे उघडले.

"काय करती गं?"

"ढाली पुसतीये."

संपतराव समाधानानं कुशीवर वळले. "बैलजोडी नीट पूस," म्हणाले. काकूंनी पदराआड वळवळणारा दंड पोटाशी धरून दुसऱ्या हातानं बैलजोडी पुसली.

झेंडू परत कोठीतल्या डब्यात गेली, पण त्या दिवसापासून काकूंच्या डोक्यात शोकेस बसलं. मागायचं तर नव्हतंच. सोसायटीची निवडणूक जवळ आली होती. समोरच्या पॅनेलच्या विश्वजीतनं चौकात संपर्क कार्यालय उघडलं होतं. काकूंनी तानुबाईंना सहज विचारलं, की आमच्या ह्यांना कसले कसले सन्मान मिळालेत ते गावातल्या पोरांना ठाऊक तरी असेल का. तानुबाईंनी तो प्रश्न गिरणीत विचारला, गिरणीतून तो डेअरीवर गेला, आणि संध्याकाळी संपतराव तो कपाळावर आठी घालून घरी घेऊन आले. जेवताना त्यांनी जाहीर केलं, की चौकातल्या आपल्या गाळ्यात कार्यालय करायचं आणि सगळी सन्मानचिन्हं तिथं मांडायची. काकूंनी घराची शोभा जाईल म्हणून थोडा विरोध केला. त्यामुळे निर्णय पक्का झाला.

"शोकेस बी तिकडंच नेऊ," संपतराव म्हणाले.

हे काकूंच्या हिशेबात नव्हतं. त्यांनी भाकरीचा तुकडा चावता चावता विचार केला. मग म्हणाल्या, की ते बरंच होईल, फक्त चौकात धूळ फार, काच रोज पुसावी लागंल. गड्यांच्या हातून ढाली फुटतील. त्या स्वतःच रोज सकाळी येऊन बसत जातील, बैठक चालू असली तरी त्यांची काही अडचण होणार नाही, कोपऱ्यात बसून पुसतील आणि कोण काय बोलतं ते कानावरही पडंल.

संपतरावांचा घास तोंडातच राहिला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी हौशीरामला कार्यालयासाठी नवीन शोकेस बनवायला सांगितलं. जुनं जुनाट झालंय, असं कारण दिलं.

नवं शोकेस गाळ्यात बसवून घरातल्या ढाली तिकडं न्यायला हौशीराम आला, तेव्हा काकूंनी त्याच्याकडून जुन्याचंही काम करून घेतलं. आतल्या फळ्या काढल्या. वायरीचं भोक बुजवून दोन्ही बाजूंना बारीक भोकांच्या पट्ट्या बसवल्या. झेंडूनं दिव्याला टेकून अंग भाजून घेऊ नये म्हणून दिव्याभोवती जाळीचा पिंजरा केला. ऊब ठरावीक झाली की दिवा आपोआप बंद करणारं यंत्र राजनंदिनीनं पाठवलं होतं, तेही जोडलं. स्क्रू पिळता पिळता हौशीरामनं विचारलं, की वहिनी, पाहुणी नक्की कोण. काकूंनी कोठीतून झेंडूला आणून दाखवलं. उरलेलं काम हौशीरामनं दिवाणावर उभं राहून केलं.

सत्काराच्या नारळांच्या शेंड्या घरात ढिगानं होत्या. त्या कुटून काकूंनी तळाशी अंथरल्या. दोन फुटक्या मडक्यांचे अर्धे भाग पालथे घातले, पेरूची फांदी आडवी लावली, गार बाजूला पाण्याचं जड भांडं ठेवलं. झेंडूनं सगळीकडं जीभ लावून पाहिलं आणि मग निवांतपणे या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पसरली.

संध्याकाळी संपतराव आले, चपला काढल्या आणि दारातच थबकले. त्यांचा चेहरा हळूहळू कार्यालयाच्या नव्या भिंतीसारखा पांढरा झाला. शेवटी ते खाली बसले, शोकेसपासून सगळ्यात लांबच्या खुर्चीत.

"सरळ मागितलं असतंस तर दिलं नसतं का मी?" ते म्हणाले.

"दिलं असतं?"

संपतरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "न्हाई," म्हणाले.

काकूंनी त्यांना चहा आणून दिला. कुलूप लावून किल्ली त्यांच्याच खिशात ठेवली, तेव्हा ते जरा सैल झाले. तरी आठवडाभर ते भिंतीच्या कडेकडेनंच खोलीत वावरत होते. मग निवडणूक बिनविरोध करता येईल का ते बोलायला विश्वजीत दोन माणसं घेऊन घरी आला. बोलणं तावात आलेलं असताना त्याच्या पाठीमागं झेंडू फांदीवरून उतरून काचेला टेकून उभी राहिली. विश्वजीतनं मागं वळून पाहिलं आणि चहाचा कप हातात घेऊनच ओसरीवर गेला. उरलेली चर्चा ओसरीवर, उभ्यानंच झाली. संपतराव मात्र आत शोकेसला पाठ लावून बसले होते आणि तिथूनच उत्तरं देत होते. आपल्यापेक्षा जास्त घाबरणारा माणूस पाहून त्यांना मोठा आधार वाटला होता.

निवडणूक काही बिनविरोध झाली नाही, पण संपतराव थोडक्यात निवडून आले. त्यानंतर काकूंनी एकदा बाहेरून ऐकलं, की ते काचेसमोर खुर्ची ओढून झेंडूला बैठकीचा सगळा वृत्तांत सांगतायत. सापाला आपल्यासारखे कान नसतात हे त्यांना माहीत होतं. कान असलेल्या संचालकांनी तरी त्यांचं कुठं ऐकलं होतं, असं ते नंतर काकूंना म्हणाले.

आता राजनंदिनीनं बंगळूरला स्वतःचं घर घेतलंय आणि झेंडूला न्यायचं म्हणून ती मधून मधून फोन करते. काकू कधी नाही म्हणत नाहीत. फक्त सांगतात, की आताच तिचे डोळे दुधट झालेत, कात टाकायला आलीये, अशात प्रवास नको, तूच म्हणाली होतीस. मागच्या फोनला पोरीला शंका आली आणि तिनं वडिलांना विचारलं. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या.

संपतरावांनी शोकेसकडं पाहिलं. झेंडू मडक्यातून डोकं काढून लख्ख डोळ्यांनी त्यांच्याकडं बघत होती.

"व्हय गं," ते फोनवर म्हणाले, "पार दुधट झालेत."