हातमोजे टाकणाऱ्यांचं घर

ओरेस्ट बाबियाकच्या उजव्या हाताची मूठ आता वळत नाही. कॉफीचा मग तो दोन्ही तळव्यांत धरतो. शर्टाची बटणं मार्लीन लावून देते, आणि लावताना काही बोलत नाही, कारण नवऱ्याशी बोलण्यासारखं जे होतं ते तिने तीस वर्षांपूर्वीच बोलून घेतलंय.

नऊ हंगाम तो व्यावसायिक आइस हॉकी खेळला. खेळला म्हणजे काय, मारामारी केली. तेव्हा प्रत्येक संघात असा एक गडी लागायचाच. आपल्या गोल मारणाऱ्या नाजूक पोराला कुणी आडवं केलं, की या गड्याने बाकावरून उठायचं, आडवं करणाऱ्यापाशी जायचं आणि विचारायचं, "येतोस का?" समोरच्याने "चल" म्हणायचं. मग दोघांनी हातमोजे बर्फावर टाकायचे आणि एक जण पडेस्तोवर एकमेकांची थोबाडं रंगवायची. पडलेल्याला मारायचं नाही. पंच बाजूला उभे राहून बघत, लोक खुर्च्यांवर चढून ओरडत. उरकलं की पाच मिनिटं शिक्षेच्या बाकावर बसून नाकात कापूस कोंबायचा.

सामना साठ मिनिटांचा, त्यात ओरेस्टच्या वाट्याला जेमतेम चार यायची. नऊ वर्षांत त्याने गोल केले सहा, त्यातला एक त्याच्या पाठीला आपटून चुकून आत गेला. तरी ड्राय लेक या आपल्या गावात त्याचा रुबाब असा, की आजही कॅफेत त्याची खुर्ची कुणी अडवत नाही. ज्यांच्याशी तो सगळ्यात जास्त भिडला त्या पाच जणांशी नाताळात फोनवर बोलणं व्हायचं. त्यातले तिघे साठीच्या आत गेले. एकाला तर शेवटी बायकोचं नाव आठवत नव्हतं. ओरेस्टलाही हल्ली शब्द सापडत नाहीत आणि बर्फावरचा उजेड डोळ्यांना सोसत नाही. पण हे तो डॉक्टरला सांगत नाही. कुणालाच सांगत नाही.

आणि अशा माणसाला मुलगा झाला तो वाऱ्यासारखा पळणारा.

कॉरी सहा वर्षांचा असताना बर्फाच्या मैदानावर, रिंकवर, सुटला की मोठी पोरं त्याच्या मागे धापा टाकत. मिसेस लिंडक्विस्ट तिथे मुलींना फिगर स्केटिंग, म्हणजे बर्फावरचं नाचणं, शिकवायच्या. त्या स्वतःहून मार्लीनकडे आल्या. म्हणाल्या, "याला माझ्याकडे पाठव. असे पाय मी या गावात पाहिले नाहीत."

मार्लीनने जेवताना विषय काढला. ओरेस्ट हसून हसून लाल झाला. "त्याला झालरीचा फ्रॉकही शिव मग! अगं, खालच्या संघातली पोरं जिवंत खातील त्याला."

"तुला खाल्लं तेवढं पुरे नाही झालं का?" मार्लीन म्हणाली, आणि ताटातले बटाट्याचं सारण भरलेले पिरोगी पुढे सरकवून उठून गेली.

कॉरी गेला नाही लिंडक्विस्टबाईंकडे. बापाने त्याला खाऊ घालून फुगवला, चौदाव्या वर्षी गॅरेजमध्ये उभा केला आणि डाव्या हाताने समोरच्याची गचांडी कशी धरायची, हनुवटी कशी लपवायची, सगळं शिकवलं. हा काही दुष्टपणा नव्हता. ओरेस्टला हॉकीत आत शिरायचं एकच दार ठाऊक होतं, आणि त्याने मुलाला जीव तोडून त्याच दाराशी नेऊन उभं केलं. बर्फावर उतरण्याआधी उजवी बाही कोपरापर्यंत सारायची ओरेस्टला जुनी सवय. कॉरी खेळायला लागल्यावर तो प्रेक्षकांत उभा राहून तीच बाही सारायचा. त्याचा अर्थ एकच: जा, भिड. कॉरी आधी बापाकडे बघायचा, मग हातमोजे टाकायचा.

पुढे खेळच पालटला. एके काळी खेळाडू एका दमात दीड-दोन मिनिटं बर्फावर असायचा, एकमेकांच्या अंगावर रेलून, काठीने कमरेला ओढून, धरून-पाडून वेळ काढायचा. आता चाळीस सेकंद जीव खाऊन पळायचं आणि बाकावर परतायचं. ओढलं की शिक्षा, रेललं की शिक्षा. जेमतेम साडेपाच फुटांची पोरं चेंडूच्या जागी असते ती काळी रबरी चकती घेऊन अशी सटकतात, की ओरेस्टसारख्याने धक्का मारायला खांदा वळवेपर्यंत ती गोल करून मिठ्या मारत असतात. टीव्हीसमोर बसून ओरेस्टच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "हॉकी म्हणे! लपाछपी खेळतायत लेकाचे!" मग वर्षातून चार-दोनदा होणारी एखादी मारामारी दिसली की तो शांत व्हायचा. पुढे पुढे तीही दिसेना.

कॉरी या बदलाच्या नेमका मधोमध सापडला. खालच्या संघांच्या बसमधून हिंडला, दोनदा डोक्याला मार बसून महिना महिना अंधाऱ्या खोलीत पडून राहिला, आणि चोविसाव्या वर्षी एका संघाने त्याला सरळ सांगितलं, "तू भला माणूस आहेस, पण तुझ्यासारख्याची जागाच आता संघात नसते."

तो घरी आला. त्या उन्हाळ्यात रोज पहाटे तो व्यायामाला म्हणून बाहेर पडायचा. बारा किलो उतरला. ओरेस्टला वाटलं, पोरगा खंगतोय. ऑगस्टमध्ये कळलं, की तो सत्तरी ओलांडलेल्या लिंडक्विस्टबाईंकडे जातोय आणि दहा-दहा वर्षांच्या मुलींबरोबर एका पायावर वळायला शिकतोय. ओरेस्ट त्या दिवशी हसला नाही.

सप्टेंबरमध्ये सॅस्काटून शहरात एका संघाच्या चाचणी शिबिराचं बोलावणं आलं. चौथ्या दिवशी कॉरीचा फोन आला. आवाजात इतका आनंद बापाने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"डॅड, कोच म्हणतो, माझे पाय बघून तो थक्क झाला. उद्या शेवटचा सामना. एकच अट घातलीय त्याने. काही झालं तरी हातमोजे हातातच राहिले पाहिजेत. म्हणतो, 'बाबियाक नाव ऐकलं की लोकांना मारामारीच आठवते. मला बघायचंय की तू त्याशिवाय कोण आहेस.' एवढं जमलं की वर्षाचा करार."

"मग नको टाकूस," ओरेस्ट म्हणाला. "मी येतो बघायला."

मार्लीन फोनच्या बाजूलाच उभी होती. "तू कशाला?" ती म्हणाली. "राहा ना घरी."

पण तो गेलाच. दोन्ही बाजूंना गव्हाची कापणी चाललेली, धुळीतून ट्रक हाकत तीन तास. दुपारचा सामना. तो खाली, रिंकभोवतीच्या काचेलगतच्या दुसऱ्या रांगेत बसला.

आणि कॉरी खेळला! ओरेस्टने आपल्या मुलाला असं खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. तो वळायचा आणि समोरचा त्याला शोधत राहायचा. सामन्याच्या मधल्या वीस मिनिटांत त्याने दोघांच्या मधून पास दिला आणि गोल झाला. ओरेस्टच्या शेजारचा माणूस म्हणाला, "कोण हो हा चोवीस नंबर?" ओरेस्ट खुर्चीच्या कडेवर सरकला. हे पाय या पोराला आधीपासूनच होते, आणि आपणच ते अठरा वर्षं बांधून ठेवले, हे त्याला त्या खुर्चीत बसल्या बसल्या लख्ख कळलं.

शेवटची सहा मिनिटं, बरोबरी. कॉरीच्या संघातलं एक एकोणीस वर्षांचं किरकोळ अंगाचं पोर चकती आणायला कोपऱ्यात गेलं, आणि विरुद्ध संघाच्या एका खेळाडूने त्याला मागून काचेवर आपटलं. अगदी ओरेस्टच्या समोर. पोराचं तोंड काचेवर घासत खाली आलं.

ओरेस्ट उठला. त्याने ठरवून काही केलं नाही. उठला आणि त्याचा डावा हात उजव्या बाहीकडे गेला, बाही कोपरापर्यंत वर सरली.

कॉरीने वर पाहिलं.

पंचाने तेव्हाच हात वर केला होता. म्हणजे शिक्षा ठरलेली, विरुद्ध संघाचा एक गडी दोन मिनिटं बाहेर, आणि यांना गोल करायची आयती संधी. हल्ली सूड घ्यायचा तो असाच घेतात. पण ओरेस्टच्या वेळी पंचाच्या हाताकडे बघत होतं कोण?

कॉरीने हातमोजे टाकले. "येतोस का?"

समोरच्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. हसला. "नाही रे बाबा," म्हणाला, आणि हातमोजे न काढता दोन्ही हात खाली सोडून उभा राहिला. कॉरीने त्याची गचांडी धरली होती. मारणार कुणाला? तो तसाच उघड्या हातांनी उभा राहिला, आणि प्रेक्षकांत कुणीतरी खिदळलं. पंचाने दोघांनाही बाहेर बसवलं. संधी गेली. मोकळ्या झालेल्या बर्फावर विरुद्ध संघाच्या एका चपळ पोराने मिनिटाभरात गोल केला. कॉरी शिक्षेच्या बाकावरून तो गोल बघत होता.

बाहेर गाड्यांपाशी ओरेस्ट तासभर उभा राहिला. कॉरी बॅग घेऊन आला, मागे टाकली आणि किल्लीसाठी हात पुढे केला. ओरेस्टने किल्ली दिली.

"काय म्हणाला कोच?"

"म्हणाला, पंचाचा हात वर दिसला नाही का तुला. मी म्हटलं, नाही दिसला."

सॅस्काटून मागे पडलं. ओरेस्ट मनात वाक्य जुळवत होता. बोलायला तोंड उघडावं आणि पहिलाच शब्द निसटून जावा, असं दोनदा झालं. तेवढ्यात मार्लीनचा फोन आला, कॉरीने तो स्पीकरवर घेतला, आणि गाडीभर तिचा आवाज घुमला.

"काय झालं रे?"

"नाही जमलं, मॉम. शेवटी शेवटी माझंच डोकं फिरलं, टाकले हातमोजे. माझीच चूक."

मग ती म्हणाली, "ओरेस्ट, ऐकतोयस ना?"

"हं."

"तू उठून उभा राहिला नव्हतास ना तिथे?"

ओरेस्टने मुलाकडे पाहिलं. कॉरीची नजर रस्त्यावर होती. त्याने किंचित मान हलवली. नाही म्हण.

"नाही," ओरेस्ट म्हणाला. "मी बसलो होतो."

"बरं," मार्लीन म्हणाली. "सावकाश या." आणि फोन बंद झाला.