उपाशी ठेवायची झाडं

या, जरा पुढे सरका. इतक्या लांब बसून काय ऐकू येणार तुम्हाला? आणि तो मोबाइल आधी उलटा ठेवा. दर वेळी काय सांगायचं! माणसाबद्दल बोलतेय मी, अर्धा कान इकडे आणि अर्धा तिकडे चालणार नाही.

तर आमची मालकीणबाई. कोणीही गच्चीवर आलं की ती आधी त्याचं मनगट धरायची. या-बसा नंतर. मनगट धरून म्हणायची, "हात नको लावू गो बाय, निस्ता बघ." मला तर अशी धरायची की बांगड्या रुतायच्या.

मालकीणबाई हे नाव आम्ही बिल्डिंगवाल्यांनी ठेवलेलं. कोपरला आमची बिल्डिंग उभी आहे ना, तिथे पूर्वी त्यांची भातशेती होती. लग्न होऊन आली तेव्हा खाडीकडच्या मिठागरातही ती राबलेली. पुढे नवऱ्याने आणि दिराने जमीन बिल्डरला दिली. बदल्यात त्यांना फ्लॅट मिळाले आणि गच्ची त्यांच्याकडे राहिली. नवरा गेला, लेक जहाजावर नोकरीला. ही एकटी एका फ्लॅटात, आणि समोरच्या दारात दीर आणि धाकटी जाऊ.

जमिनीच्या सह्यांच्या वेळी दोघी जावांचं जे वाजलं, ते वाजलं. तेव्हापासून एकाच पॅसेजमध्ये दोघी रांगोळी काढायच्या, मधे एक लादी मोकळी सोडून, आणि एकमेकींशी चकार शब्द नाही. सणाला वाटी जायची यायची, पण पोरांच्या हातून.

मी वागळे इस्टेटला एका कंपनीत पॅकिंगला होते. रिटायर झाले आणि दुपार खायला उठली. म्हणून गच्चीवर तिच्याकडे जायला लागले. तिथेच मी ते पाकीट पाहिलं. लेकाचं जहाज दक्षिण आफ्रिकेच्या बंदराला लागलं होतं, तिथून त्याने बिया आणलेल्या. पाकिटावर फुलाचं चित्र. केशरी, गोल, आणि शिंपी लोक उशीत टाचण्या खोचून ठेवतात तसं सगळीकडून सुयाच सुया. पिनकुशन म्हणतात त्याला. लग्नाच्या स्टेजला, गुच्छाला लावतात, कापलं तरी खूप दिवस टिकतं.

लेक म्हणाला, "आई, हे नुसतं बघायला आणलंय. आपल्याकडे नाही उगवणार. तिकडे डोंगराला वणवा लागतो, बियांना धूर बसतो, मग त्या जाग्या होतात."

"मंग राब लावायचा की!" ही म्हणाली.

राब माहीत नसेल तुम्हाला. भाताची रोपं करायच्या जागेवर आधी पाला, फांद्या पसरून जाळतात, मग तिथे बी टाकतात. जन्मभर केलेलं काम तिचं. तिने एका घमेल्यात ओला-सुका पाला पेटवला, शेजारच्या घमेल्यात रेतीत बिया ठेवल्या आणि दोन्हीवर मिळून भिजलेलं गोणपाट टाकलं. धूर असा कोंडला आणि मग असा निघाला की सेक्रेटरी बनियनवर धावत आला. "काकी, फायर ब्रिगेडला बोलवू का?"

"बोलाव. पन त्यांना सांग पानी नका मारू, बी हाय आत."

थंडीत बिया उगवल्या. सगळ्या नाही, थोड्याच. पण पेरलेलं वर आल्यावर बाईच्या तोंडावर काय येतं ते मी त्या दिवशी बघितलं. जमीन जाऊन किती वर्षं झाली होती हो तिची! त्या कोंबांपुढे पदर सावरून बसली, जशी काय पाहुणीच आलीय कोणी.

मग लेकाचा फोन आला. बियांच्या दुकानदाराला त्याने विचारलं होतं. "आई, त्यांना खत घालू नकोस. शेण नाही, मासळी तर अजिबात नाही. ती भिकार जमिनीतली झाडं आहेत. खाऊ घातलंस तर मरतील."

हे तिला पटेचना. त्यांच्यात नारळ असो, भोपळा असो, मोगरा असो, सुक्या मासळीचा कुटा करून बुंध्याशी घालणार. त्याशिवाय झाडाला काही दिलंसं वाटतच नाही. "उपाशी ठेवायचा? सावतर पोर हाय का माजा?" असं माझ्याशीच भांडली. पण ऐकलं तिने. बोंबील साफ केले असले तर साबणाने हात धुतल्याशिवाय वर यायची नाही. पावसाळ्यात प्लास्टिक बांधायची, रंगाच्या जुन्या बादल्या विटांवर चढवून ठेवायची, पाणी तुंबू नये म्हणून. खाडीचा वारा मात्र झाडांना मानवला. कमरेएवढी झाली.

दिराचा डोळा गच्चीवर. वर पत्रा घालायचा आणि क्लासवाल्यांना भाड्याने द्यायची, असं त्याच्या मनात. "वहिनी, गच्ची नुसती रिकामी पडलीय."

"रिकामी? डोले गेले का तुजे?"

शेवटी जिन्यात, आम्हा सगळ्यांसमोर ती म्हणाली, "मना झारं फुलवू दे. माजी फुलं बाजारात चालू झाली तं गच्ची माजी. नाय झाली तं घाल पत्रा." दीर हसला आणि हो म्हणाला. त्याला काय, उगवतंय कुठे ते, असंच वाटलं असणार.

तिसऱ्या वर्षी एका झाडाला फुलं आली. ओल्या फडक्यात गुंडाळून आम्ही दोघी सकाळीच कल्याणच्या फूलबाजारात गेलो. झेंडूच्या ढिगापलीकडून व्यापारी म्हणाला, "मावशी, प्लास्टिकचा माल नाही घेत आपण."

तिने फूल त्याच्या नाकाजवळ नेलं. "टोचून बघ." कधी नव्हे ती स्वतःहून म्हणाली, हात लाव.

त्याने बोट लावलं आणि मागच्या गुच्छवाल्याला हाक मारली. दोघांनी उलटसुलट करून बघितलं. "एवढ्याशाने काय होतंय? पुढच्या सीझनला भरपूर आणा, लग्नांत सगळी खपवतो." येताना रिक्षात ती गाणं म्हणत होती. त्यांच्या लग्नांत हळदीला म्हणतात तसलं, जरा वाह्यातच.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर सगळ्या झाडांना कळ्या धरल्या. आणि हिचं पित्ताशयाचं दुखणं निघालं. ठाण्याला हॉस्पिटलात नेलं, ऑपरेशन झालं, मग ताप उतरेना. मी तिच्यापाशी राहत होते. तिचा जीव सगळा बादल्यांत. "पानी कोन घालतंय?" एवढंच.

पाणी जाऊ घालत होती. हो, तीच. तिला कोणी सांगितलं नव्हतं. गुडघे दुखतात तरी कळशी घेऊन जिना चढायची.

आम्ही घरी आलो तर ती दारात उभी. इतक्या वर्षांनी तोंड उघडलं तिने. "मोठे, तू घोर नको लावून घेऊ. मी तुजी झारं उपाशी नाय ठेवली. मायेरावरनं कुटा आनला, सगल्यांना मूठ मूठ घातला."

मालकीणबाईने भिंत धरली. मला वाटलं, टाके दुखले. मग म्हणाली, "बरा केलंस गो." आणि जावेच्या डोक्यावरून हात फिरवला.

वर गेलो. पानांच्या कडा जळाल्यासारख्या झालेल्या, कळ्या माना टाकून. तिने वरची माती खरवडली, पाण्याने धुऊन काढली. काही उपयोग झाला नाही. बघता बघता सगळी सुकली.

आधी मी म्हटलं, हे दिरानेच बायकोला पढवून करवलं. पण नाही हो. ती जाऊ झाडांपाशी बसून रडली. एकीकडे तिची बोटं कुट्याच्या वासाची.

दीर आला. "वहिनी, बोलल्याप्रमाणे मग?"

मी पुढे झाले. म्हटलं, सांगा त्याला कशाने गेली! त्याच्याच घरातून झालंय, अजून मुदत द्यावीच लागेल. तर तिने माझंच मनगट धरलं. "अवकाली पावसानं गेली," दिराला म्हणाली. पाऊस! एक सर पडली होती, भांडी धुवायला पुरली नसती.

नंतर मी खूप बोलले तिला. मूर्ख म्हणाले. ती म्हणाली, "ती बोलली ना माज्याशी. आता तिला सांगू, तुज्या हातानं मेली?"

लेकाचं जहाज पुन्हा त्या बंदराला गेलं नाही. गच्चीवर पत्रा पडला. दोघी जावा मात्र एकत्र भाजी निवडायला लागल्या, एका ताटात. ते बघून बिल्डिंगला बरं वाटायचं. मला नाही वाटायचं. मला त्या ताटाचाच राग यायचा. ही निवडता निवडता मधेच वर छताकडे बघायची, वर धाड धाड डान्स क्लास चाललेला. गच्चीवर परत कधी गेली नाही. गेल्या वर्षी वारली.

आता जाऊ रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसते. कापूस आणते, वाती वळते. आणि वळता वळता विचारते, "तू तं होतीस तिच्यासंगं. खरा सांग, झारं कशानं गेली?"

मी म्हणते, पाऊस.

ती बघत राहते माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी परत तेच.

कोपरला उतरलात की पश्चिमेला या, कोणीही घर दाखवेल. संध्याकाळच्याच या. घरात तिसरं माणूस कोणीही असलं की ती हे विचारत नाही. लवकर या हो. मला आता एकटीने तिला तोंड देणं होत नाही.