समोरच्या बाजूची साक्षीदार

माझ्या भरपाईच्या दाव्याच्या प्रत्येक तारखेला यवतमाळच्या कोर्टात त्या भेटायच्या. मोबाईलवर मेसेज लिहिता लिहिता ज्याने कळंब रोडवर माझ्या स्कूटीला धडक दिली, त्याच्या या मावशी. अपघाताच्या वेळी त्याच्या गाडीत त्या शेजारीच होत्या. स्कूटी अचानक आडवी आली, एवढंच त्यांनी कोर्टात सांगायचं होतं. मग चूक माझी ठरली असती आणि दावा बुडाला असता.

तरी बाकावर त्या माझ्याच जवळ बसायच्या. माझ्या प्लास्टरकडे बघून म्हणायच्या, "पाय लांब कर वो बाई, कोर्टात कायची लाज?" तारखेला निघताना मी कागद, गोळ्या, पाणी सगळं क्रमाने भरून नेत असे. या बाईंसाठी मात्र माझी काहीच तयारी नव्हती.

साक्षीच्या दिवशी त्यांच्याच बाजूच्या वकिलाने विचारलं, "स्कूटी आडवी आली ना?"

"नाही जी. हा फोनवर लिहून राह्यला होता. मी दोनदा म्हटलं, ठेव बापा तो."

"मावशी, नीट आठवा."

"आठवते ना! मीच तर वरडली होती."

बाहेर भाचा मान फिरवून गाडीत बसला होता. मी म्हणाले, "तुम्हाला ऑटो करून देते."

"कायले? भाचा हाय तो माहा."

त्या पुढचं दार उघडून त्याच्या शेजारी बसल्या आणि त्याच्यापुढे हात पसरला. त्याने मुकाट्याने फोन त्यांच्या हातावर ठेवला आणि गाडी सुरू केली.