मर्ल मामापेक्षा उंच तिजोरी

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा पुसून टाकलं. कारण लव्हॉन मावशीला कळलं की तिच्या पोटदुखीची गोष्ट मी सगळ्यांना सांगत सुटलेय, तर ती मला हॉस्टेलवर हरणाचं सुकं मांस पाठवणं बंद करेल, आणि त्याशिवाय माझी परीक्षा निघत नाही. पण गेल्या रविवारी मी तिच्याबरोबर होते आणि आता राहवतच नाहीये. एका दमात लिहून टाकते.

लव्हॉन मावशी म्हणजे माझ्या आईची सगळ्यात मोठी बहीण. अल्डर क्रीकच्या खोऱ्यात शाळेची बस चालवते. मोंटानातला बर्फ तुम्हाला माहीतच आहे, पण तिची बस कधी चुकत नाही. मुलं तिला घाबरतात आणि मुलांचे आईबाप जास्त घाबरतात. नवरा गेल्यापासून एकटी राहते. बुटकी आहे, आवाज मात्र मालगाडीच्या भोंग्यासारखा. तिला कुणाचा हेवा वाटत नाही, शेजाऱ्याच्या नव्या ट्रकचा नाही, माझ्या आईच्या मोठ्या घराचा नाही. जगात फक्त एका माणसाचा वाटतो. मर्ल मामाचा, म्हणजे तिच्या सख्ख्या धाकट्या भावाचा.

त्याला कारण आजोबांची रायफल.

आमच्या घरात प्रत्येकाने पहिलं हरीण त्याच रायफलने मारलंय. आईने, मावशीने, मामाने, मी बारा वर्षांची असताना मीसुद्धा, आणि तेव्हा माझ्या कानाशी "श्वास सोड, सोड, आता" असं पुटपुटत मावशीच पडली होती गवतात. आजोबांबरोबर दर वर्षी शिकारीला जायची ती मावशी. रायफल पुसायची मावशी. सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की ती तिलाच मिळणार.

पण आजोबांच्या भावाचं घर वणव्यात गेलं होतं आणि राखेत त्यांच्या बंदुकांच्या नुसत्या वाकड्या नळ्या सापडल्या होत्या. ते आजोबांच्या डोक्यातून कधी गेलं नाही. शेवटी अंथरुणावर पडल्या पडल्या ते म्हणाले, "ज्याच्या घरात ती जळणार नाही, त्याच्याकडे राहील." मावशीकडे होतं पत्र्याचं साधं कपाट. मामाकडे तळघरात भलीमोठी, आगीला टिकणारी तिजोरी. संपलं.

बरं, मामा शिकारच करत नाही! त्याचं फर्निचरचं दुकान आहे आणि त्याला रक्त बघवत नाही. ही तर मावशीच्या जखमेवर मिठाची गोणीच होती.

गेल्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळे मामाकडे जमलो होतो. टर्की खाऊन झाल्यावर मावशी म्हणाली, "मर्ल्या, बाबांची रायफल दाखव जरा."

"दर वर्षी काय गं बघायचं असतं ताई? मोठी होते का ती?"

"तू दाखव."

आम्ही तळघरात गेलो. मामाने तिजोरीसमोर उभं राहून आमच्याकडे पाठ केली आणि दुसऱ्या हाताने आकड्यांची चकती झाकून घेतली. मावशीचा चेहरा मी बघितला. म्हणजे, तुम्ही तो बघायला हवा होतात!

"माझ्यापासून लपवतोस? मी तुझे लंगोट बदललेत रे."

"सवय आहे गं. कुणीही असलं तरी करतो."

"मी कुणीही?"

मामा वैतागला. "हे बघ, तूही घे अशी तिजोरी. बाबांनी काय सांगितलं होतं? जिथे जळणार नाही तिथे. तू घे, आणि त्या दिवशी रायफल घेऊन जा. माझी काही हरकत नाही."

तो बोलून गेला आणि कॉफी प्यायला वर गेला. मावशी तिथेच उभी राहिली, तिजोरीला पाठ लावून, डोक्यावर हात आडवा ठेवून. मला कळेचना काय करतेय. मग कळलं, तिजोरी आपल्यापेक्षा किती उंच आहे ते मोजत होती.

एप्रिलमध्ये तिने मला फोन केला. "शनिवारी मोकळी आहेस ना? तिजोरी घ्यायचीय. तू शिकलेली आहेस, चल." मी तत्त्वज्ञान शिकते, पण जाऊ दे.

दुकानात ट्रुडी नावाची बाई होती, मावशीच्याच वयाची, आणि तोंडाने मावशीच्या वरचढ. मावशी आत शिरली ती थेट सगळ्यात उंच तिजोरीपाशी. काळी चकचकीत, चर्चच्या दारासारखं दार.

ट्रुडीने विचारलं, "बंदुका किती आहेत तुमच्याकडे?"

"चार. आणखी एक यायचीय."

"आणि ही बघताय? हिच्यावर चौसष्ट लिहिलंय."

"भावाच्या तिजोरीवर अठ्ठेचाळीस लिहिलंय."

"अहो, तो आकडा नुसत्या काठ्या ठेवल्या तर. दुर्बिणीच्या बंदुका निम्म्याच मावतात."

"म्हणजे त्याच्या चोवीस आणि माझ्या बत्तीस," मावशी म्हणाली.

ट्रुडी माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे.

मग ट्रुडीने शेजारची एक दाखवली. बुटकी, ठेंगणी, रंग चिखलाचा. किंमत जवळपास तेवढीच. "ही घ्या. पोलाद जाड आहे, आतलं अस्तर जाड आहे. दाराला ही पट्टी दिसते? तापली की फुगते आणि फट बुजवते, धूरसुद्धा आत जात नाही. दीड तास टिकते. ती उंच आहे ना, ती पैसे उंचीला खाते. पत्रा पातळ, अर्धाच तास."

"अर्धा तास पुष्कळ झाला."

"तुमच्याकडे आगीचा बंब किती वेळात येतो?"

"येतो की."

"येतो हो, किती वेळात?"

मावशी उंच तिजोरीचा दांडा फिरवून बघायला लागली. मीच म्हटलं, "पाऊण तास. रस्ता मोकळा असला तर."

"मग ही उंच तिजोरी म्हणजे तुमच्यासाठी कपाटच," ट्रुडी म्हणाली.

मी मावशीला बाजूला ओढलं. "मावशी, ऐक ना, ती बुटकी घे. रायफलसाठी घेतोय ना आपण?"

"त्याने मान वर करून बघायला पाहिजे," ती म्हणाली. हळू आवाजात, आणि मावशीला हळू आवाज असतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. "सहा फूट उंच आहे तो. आयुष्यभर मीच मान वर करून बघितलंय. बुटकी मी आहे तेवढी पुरे."

आणि घेतली उंच. लाल रंगाचा नवा ट्रक बघून वीस वर्षांचा पोरगा हरखतो ना, तशी हरखली होती.

तिजोरी आली, गॅरेजच्या काँक्रीटमध्ये बोल्ट ठोकून पक्की बसली. मावशीने हकलबेरीचा, म्हणजे डोंगरातल्या रानफळांचा, गोड 'पाय' भाजला आणि मामाला बोलावलं. फोनवर सांगितलं, "येताना काय आणायचं ते तुला माहितीये."

मामा आला. हात मोकळेच. रायफल ट्रकमध्ये होती, आधी तिजोरी बघतो म्हणाला. गॅरेजमध्ये पाय टाकला आणि त्याने खरंच मान वर केली! "बाप रे ताई, चर्चच बांधलंस की!" मावशी अशी फुलली म्हणून सांगू.

मग त्याने दार उघडलं. आतून चिकटवलेला कागद वाचायला वाकला. बोटाने ओळ धरून परत वाचला.

"अर्धा तास लिहिलंय इथे."

"मग?"

"ताई, बंब पाऊण तासाने येतो."

"ते नुसतं लिहायचं असतं रे!"

"नाही देऊ शकत मी. बाबांनी काय सांगितलं होतं?"

"बाबांचं तू मला सांगतोस?" भोंगा सुटला. "जो एका दिवसाच्या वर त्यांच्याबरोबर डोंगर चढला नाही, तो? तुला तिच्यात गोळी कुठून भरतात ते तरी कळतं का? नुसता आयता बसलायस तिच्यावर, अंड्यावर कोंबडी बसते तसा!"

मामाने दार लावलं. हळूच लावलं. म्हणाला, "मी बारा वर्षांचा होतो. हरीण पडलं आणि मी रडलो. त्यानंतर बाबांनी मला पहाटे शिकारीला कधी उठवलं नाही. तुला उठवायचे. जिन्यावर तुमचे बूट वाजायचे, ट्रक सुरू व्हायचा, आणि मी जागा असायचो ताई. दर वेळी. त्यांनी तुला इतकी वर्षं दिली. मला एकच वस्तू दिली, सांभाळ म्हणून. आणि तुला तीही हवीय."

मावशीच्या हातात हकलबेरी-पायची ताटली होती. तिला ती कुठे ठेवायची कळेना. मामा न खाताच गेला, रायफल घेऊनच गेला, आणि सगळा उन्हाळा दोघं बोलले नाहीत. मी आईला म्हटलं, काहीतरी कर. आई म्हणाली, मी बापजन्मात त्या दोघांच्या मध्ये पडले नाही आणि पडणार नाही.

मग हा ऑक्टोबर. शिकारीचा मोसम सुरू झाला. रविवारी पहाटे मावशीने मला हॉस्टेलवरून उचललं होतं, पण डोंगराकडे वळायच्या ऐवजी ती मामाच्या घरी वळली आणि दार बडवायला लागली. मामा पायजम्यात बाहेर आला.

"काय झालं? आग लागली का कुठे?"

"उठवायला आलेय," मावशी म्हणाली. "बूट घाल."

मामाने आपल्या अनवाणी पायांकडे बघितलं.

"शिकारीचा परवाना नाही माझ्याकडे," तो म्हणाला.

"मारायचं कुणाला? चालायचं. आणि रायफल तूच घे, गोळ्या राहू दे घरी. तेवढं रक्त तुला झेपेल."

आम्ही तिघं चढलो. मामा पुढे, आजोबांची रायफल त्याच्या खांद्यावर, आणि मागून मावशीची बडबड माझ्या कानात, "बघ कशी धरलीय, फावडं धरल्यासारखी. अगं पट्टा तरी सारखा कर म्हणावं. नको, मी नाही सांगणार. मेला पडेल तिच्यावर." हरीण एकसुद्धा दिसलं नाही. दिसणार कसं, हिचं तोंड बंद असेल तर ना!

वरच्या खिंडीत बसून सॉसेजची सँडविचं खाल्ली. मामाने विचारलं, "बाबा इथे बसून काय बोलायचे गं?"

"काही नाही. तासन् तास काही नाही."

"मग माझं गेलं तरी काय?"

मावशीने कॉफी ओतली, त्याच्यापुढे धरली. "तेच," म्हणाली.

मग ते दोघं गप्प बसले. मीही बसले, आणि मला रडू येत होतं, पण मी खोकल्याचं नाटक केलं.

खाली उतरल्यावर मामाने रायफल घरी नेली, त्याच्याच तिजोरीत. मावशीने मागितली नाही. पण ट्रकमध्ये बसल्यावर स्टिअरिंग गच्च धरून म्हणाली, "अजून पोटात दुखतं गं पोरी. त्याच्या खांद्यावर बघून असं दुखलं, असं दुखलं."

"मग?"

"मग काय? पुढच्या रविवारी परत उठवणार आहे त्याला."

म्हणून सांगते, तुमचंही कुणासाठी तरी असं पोटात दुखत असेल. भाऊ असेल, बहीण असेल, जुनी मैत्रीण असेल. त्यांच्याकडे जा. सुट्टी लागली की, सणाला, असं नाही. याच आठवड्यात जा आणि दार वाजवा. दुखणं थांबायची वाट बघत बसू नका, ते थांबत नाही. जा, भेटून या.