मेलेल्यांच्या रांगेत

पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांना गल्लीत सगळे मुडदेसाहेब म्हणतात, आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. उलट एखाद्या नव्या गिऱ्हाइकाने चाचरत विचारलं, की ‘अहो, हे असलं कसलं नाव?’, तर हातातला पाना खाली ठेवून ते खुलासा करायला बसतात. मग पंप राहतो बाजूला आणि गिऱ्हाईक घड्याळ बघत राहतं.

तरुणपणी, नोकरीधंद्याचा पत्ता नसताना, त्यांनी एका सिनेमात काम केलं होतं. जुन्या काळातल्या एका मोठ्या लढाईचा सिनेमा. गावाबाहेरच्या माळावर शूटिंग झालं आणि आसपासचे रिकामटेकडे झाडून सगळे सैन्यात भरती झाले. निळे डगले घातलेले आपले, तांबडे डगले घातलेले शत्रू. या सगळ्या गर्दीला ताब्यात ठेवायला एक जमावमास्तर होता. त्याच्याकडे भोंगा होता आणि भोंग्याशिवायही चालेल असा गळा होता. त्याने माणसांचे तीन गट पाडले होते: जिवंत, जखमी आणि मेलेले. जिवंतांनी धावायचं, जखमींनी कण्हायचं आणि मेलेल्यांनी पडून राहायचं. ‘जिवंत मागे, जखमी उजवीकडे, मेलेले पुढे या!’ असं तो सकाळी ओरडला की लोक मुकाट्याने आपापल्या जागी जात.

मुडदेसाहेबांची भरती जिवंतांत झाली होती. पण पहिल्याच हल्ल्यात पाय मुरगळून ते असे काही झकास आडवे झाले, की मास्तरने त्यांना जागच्या जागी मेलेल्यांत टाकलं. मेलेल्यांचं काम सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी ते करून बघावं. अंगावर जाड लोकरी डगला, वर ऊन, खाली खडे, कुठेतरी खाज सुटलेली. डोळे घट्ट मिटायचे, श्वास पोटातल्या पोटात घ्यायचा आणि मास्तरने ‘मेलेले, उठा!’ म्हणेपर्यंत बोटसुद्धा हलवायचं नाही. पुष्कळांना ते जमत नसे. कोणी किलकिले डोळे करून कॅमेरा कुठे आहे ते बघे, कोणी चक्क घोरू लागे. आमचे गृहस्थ मात्र असे पडायचे, की एकदा एक कावळा त्यांच्या छातीवर येऊन बसला तरी हे गप्प. त्या दिवशी मास्तरने सगळ्यांदेखत त्यांना मुडदेसाहेब ही पदवी दिली. आयुष्यात मिळालेली ती एकमेव पदवी, त्यामुळे त्यांनी ती जपली.

बायकोची ओळख झाली तीही मेलेलं असतानाच. लढाई संपल्यानंतरच्या सकाळचा प्रसंग होता; माळभर प्रेतं पसरलेली आणि कॅमेरा त्यांच्यावरून सावकाश फिरणार. नेमके त्या दिवशी मेलेले कमी पडले, कारण आदल्या रात्री गावात एका लग्नाची वरात होती आणि निम्मं सैन्य तिकडे गेलं होतं. मास्तरने दिसेल त्याला धरून डगला चढवला. कपडेपटात बटणं लावणारी एक मुलगी होती, तिलाही मिशी चिकटवून तांबड्या सैन्यात मारलं आणि बाईमाणूस ओळखू येऊ नये म्हणून पार डावीकडे, कडेला निजवलं. तिच्या शेजारी मुडदेसाहेब आधीच मरून पडले होते. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण त्यांचे डोळे मिटलेले होते.

दुपारकडे त्यांच्या कानात मुंगी शिरली. राहवेना, तेव्हा ओठ न हलवता ते पुटपुटले, ‘कानात मुंगी चालली आहे.’

शेजारच्या प्रेताने तितक्याच बारीक आवाजात सांगितलं, ‘जाऊ द्या. आत रिकामंच असेल, फिरून बाहेर येईल.’

आवाज बाईचा! मुडदेसाहेबांना हसू आवरेना. ते त्यांनी कसं आवरलं हे ते अजूनही पोट धरून दाखवतात. ‘मेलेले, उठा!’ झाल्यावर त्यांनी डोळे उघडून पाहिलं, तर अर्धी मिशी सुटलेला एक शिपाई डगल्याची माती झटकत होता. पुढच्या काही महिन्यांत लग्न झालं.

सिनेमा पुरा व्हायला वेळ लागला. तो ज्या आठवड्यात लागला त्याच आठवड्यात त्यांना मुलगी झाली, आणि मायलेकी दवाखान्यातून घरी येईपर्यंत सिनेमा पडून उतरलासुद्धा. पुढे जाणकारांनी त्याला डोक्यावर घेतलं, तो टीव्हीवर वरचेवर लागू लागला. पण टीव्हीवर बसावं म्हणून त्या रुंद चित्राच्या दोन्ही कडा कापून टाकलेल्या होत्या. त्या प्रसंगात डावीकडे मुडदेसाहेबांचे फक्त बूट दिसत. बायको स्वयंपाकघरातून ओरडे, ‘अहो, या लवकर, तुमचे बूट आले!’ ती स्वतः बुटांच्याही पलीकडे होती, म्हणजे कुठेच नव्हती.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. फुप्फुसांचं दुखणं होतं, वर्षभर चाललं. तिला फोटो काढून घ्यायचा मनस्वी कंटाळा. लग्नाच्या फोटोत मान खाली, बारशाच्या फोटोत पाठ. मुलीच्या फोनमध्ये चालतीबोलती आई आहे, पण ती शेवटच्या आजारातली: नाकात नळी आणि कपाळावर आठी घालून ‘बंद कर ते’ म्हणणारी. मुडदेसाहेबांना हल्ली डोळे मिटले की तीच नळी दिसायची. तिचा आधीचा चेहरा आठवायला गेलं की तो हातातून निसटायचा, आणि याची त्यांना फार भीती वाटायची. ते कुणाला बोलले नाहीत. मुलीला कळलं होतं.

म्हणून सिनेमाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचा निरोप फोनवर आला, आणि त्यात ‘मूळ रुंदीतली, नव्याने स्वच्छ केलेली प्रत दाखवू’ असं लिहिलेलं होतं, तेव्हा त्यांनी तो मुलीकडून पुन्हा वाचून घेतला. मूळ रुंदीतली म्हणजे कडांसकट ना? कडांसकट, बाबा. मग कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी दुकानावर ‘आज बंद’ची पाटी लावली आणि केस कापून आले.

मुलगी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. तिने रजा टाकली. एक तर बाबांना साखरेचा त्रास आणि दुसरं म्हणजे, ते उघड न बोलता, तिलाही आई बघायची होती.

थिएटरच्या दारात टेबल टाकून एक उत्साही कार्यकर्ती छातीवर लावायच्या चिठ्ठ्या वाटत होती. तिला कुणीतरी जुनी पद्धत शिकवून ठेवली असावी, कारण तिने हसून विचारलं, ‘काका, तुम्ही जिवंत की मेलेले?’

‘मेलेला,’ मुडदेसाहेब छाती काढून म्हणाले. ‘निळा. नाव मुडदेसाहेब लिहा.’

‘बाबा, हळू,’ मुलगी म्हणाली. मागे उभे असलेले पाहुणे बघायला लागले होते.

आत गेल्यावर गंमत अशी, की कुणी कुणाला न सांगता सगळे जुन्या शिस्तीनेच बसले होते. जिवंत मागे, जखमी उजवीकडे आणि मेलेले पुढच्या बाजूला डावीकडे. टक्कल पडलेले, गुडघे बदललेले, काठ्या टेकत आलेले. काही मेलेले मधल्या काळात खरोखरच मेले होते, त्यांच्या खुर्च्या मोकळ्या ठेवल्या होत्या. ‘आता पडलो तर उठायला क्रेन लागेल,’ एक जण म्हणाला आणि सगळी रांग खोकेपर्यंत हसली. पलीकडे चाकाच्या खुर्चीत जमावमास्तर बसला होता. नव्वदीला टेकला होता, कान मंद झाले होते, पण गळा तसाच. शेजारच्याशी खाजगीत बोलत होता ते बाल्कनीत ऐकू येत होतं.

भाषणं झाली. भाषणं करणाऱ्यांना ज्या लढाईत आपण नव्हतो तिच्याबद्दल फार बोलायचं होतं. सिनेमाचा नायक पहिल्या रांगेत होता. आता म्हातारा झाला होता, पण शाल घेऊन नीट बसला होता. त्याचाच उमेदीतला एक प्रचंड पुठ्ठ्याचा पुतळा, तलवार उगारलेला, रंगमंचावर डाव्या बाजूला उभा केला होता. त्याच्याजवळ उभं राहून लोक फोटो काढून घेत होते. मग दिवे गेले आणि सिनेमा सुरू झाला.

पडद्याची डावी कड त्या पुतळ्यामागे गेली होती. पहिलीच घोड्यांची रांग आली, ती डावीकडे पुठ्ठ्याच्या पोटात शिरून गडप झाली. ते खुर्चीत उजवीकडे कलले, डावीकडे कलले, मान उंच केली. पुठ्ठ्याच्या नायकाची मांडी काही हलेना.

‘दिसणार नाही गं,’ ते म्हणाले.

मुलीने संयोजकाला गाठलं. तो भला मुलगा होता, पण घामाघूम झालेला. ‘ताई, तुमचं बरोबर आहे. पण साहेब समोर बसलेत. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचाच पुतळा काढू कसा? सिनेमा संपल्यावर बघू या ना.’

‘संपल्यावर काय बघू?’ मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला तसं मागून कुणीतरी शुक् केलं.

पडद्यावर लढाई तापली होती. मुडदेसाहेबांना सिनेमा पाठ होता. सेनापती पडेल, मग नदी, मग सकाळ. सेनापती पडला. ते उठले, अंधारात खुर्च्यांना धरत धरत मास्तरपर्यंत गेले आणि त्याच्या कानाशी वाकले.

‘मास्तर, तो पुतळा काढायला सांगा. चित्र झाकलं जातंय.’

‘काय झाकलं जातंय?’ मास्तर अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल असं म्हणाला.

‘माझी बायको!’

मास्तरने त्यांच्या छातीवरची चिठ्ठी डोळ्यांजवळ ओढून वाचली. मग वर बघितलं. ‘मुडदेसाहेब?’ त्यांनी मान हलवली. मास्तरने एकदा पुतळ्याकडे पाहिलं, एकदा पडद्यावरच्या नदीकडे पाहिलं आणि दोन्ही हात तोंडाशी नेले.

‘मेलेले, उठा!’

डावीकडची सगळी रांग उठली. विचार करून नव्हे. अंगात मुरलेलं होतं म्हणून. गुडघे कडकडले, एकाची काठी पडली. ‘तो पुतळा बाजूला घ्या! जिवंतांनी बसून राहा!’ मास्तर गरजला, आणि ते सगळे म्हातारे पायऱ्या चढून रंगमंचावर गेले, पुतळा आडवा केला आणि उचलून निघाले. नायकाला तेवढ्यात डुलकी लागली होती. आरडाओरड्याने तो जागा झाला आणि स्वतःलाच आडवं करून नेताना पाहून क्षणभर पार बावचळला. मग त्याला हसू फुटलं. ‘सांभाळून न्या रे,’ तो म्हणाला. संयोजकाने कपाळावर हात मारला.

मुडदेसाहेब मधल्या वाटेतच उभे होते. मुलगी येऊन शेजारी उभी राहिली. पडद्यावर सकाळ झाली.

कॅमेरा उजवीकडून येत होता. मोडलेल्या गाड्या, मेलेला घोडा, प्रेतांमागून प्रेतं. चित्र स्वच्छ केलेलं असल्यामुळे गवताचं पातं न् पातं दिसत होतं. ओळखीचे बूट आले आणि सवयीने त्यांचा श्वास थांबला. बुटांनंतर निळा डगला आला, हात आला, मग एक तरणाबांड, मिसरूड फुटलेला पोरगा डोळे मिटून पडलेला. इतका सुरेख मेलेला होता की मागून कुणीतरी ‘वा!’ म्हणालं. आणि त्याच्या पलीकडे, अगदी कडेला, मोठ्या मिशीचा एक लहानखुरा तांबडा शिपाई.

ती होती. गाल भरलेले, कपाळावर आठी नाही, नळी नाही. कुशीवर निजलेली, हनुवटीला माती लागलेली. श्वासाबरोबर मिशी हलत होती. आणि डोळे उघडे होते, चांगले टक्क उघडे. ती मेलेली वगैरे काही नव्हती. कॅमेरा कुठे आहे, मास्तर काय म्हणतो, कशाची तिला शुद्ध नव्हती. ती शेजारच्या निळ्या प्रेताकडे एकटक बघत होती. बघता बघता तिच्या ओठांचा कोपरा हलला, तिने तो दाबून धरला आणि पुन्हा बघत राहिली.

मग कॅमेरा तिथेच थांबला आणि दृश्य बदललं.

मुडदेसाहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्यांना ते पुसायचंही सुचत नव्हतं. हाच चेहरा. इतके दिवस आठवत नव्हता तो हाच. त्यांना फार फार बरं वाटलं, आणि त्याच वेळी आत काहीतरी तुटलं.

‘बाबा,’ मुलगी हळूच म्हणाली. ‘मेलेल्यांनी डोळे मिटायचे असतात ना?’

‘हो. मास्तर सारखा ओरडायचा.’

‘मग आई?’

‘ती माझ्याकडे बघत होती.’ त्यांनी मुलीचा हात घट्ट धरला. ‘आणि मी मेला तिथे दिवसभर डोळे मिटून पडून राहिलो गं.’