मातीवरची खूण

टेनिसचा चेंडू लाल मातीवर पडला की अंगठ्याएवढी खूण उमटते. त्या खुणेची मला हल्ली भीती वाटते.

आमच्या सोसायटीच्या कोर्टावर रविवारी सकाळी शेजारच्या वस्तीतली मुलं येतात. शाळा त्यांना पाठवते, सोसायटी कोर्ट देते, आम्ही दोघं-तिघं रहिवासी शिकवतो. पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे ज्याचं त्यानं खरं सांगायचं, हा पहिला धडा.

परवा वस्तीतली काजल सेक्रेटरींच्या मुलीशी खेळत होती. सेक्रेटरी कुंपणाशी उभे होते. "पुढच्या वर्षी हे चालू ठेवायचं का, बघू," असं ते आदल्याच दिवशी मला म्हणाले होते.

बरोबरी झाली आणि शेवटचा पॉइंट उरला. चेंडू काजलच्या बाजूला, रेषेबाहेर पडला. खूण मला बाकावरून दिसत होती. 'बाहेर' म्हटलं की ती जिंकणार. आत म्हण गं, मी मनातल्या मनात विनवत होतो.

काजलनं खूण पाहिली. मग कुंपणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बुटानं तिनं खूण हलकेच पुसली.

"आत होता, सर."

"गुणी पोरगी आहे हो तुमची!" सेक्रेटरी खुशीत म्हणाले.

भीती चेहऱ्यावर कुठे लिहिलेली असते कोण जाणे, पण मुलांना ती बरोबर वाचता येते.

रविवारी नवी मुलं येणार आहेत. काजलसमोर मला पहिला धडा द्यायचा आहे.