सुट्टी कोणी द्यायची

लाटंबार्सेच्या सगुणबाब गावसांनी आयुष्यात कुणालाही ठरल्या वेळेपेक्षा पाच मिनिटं जास्त राबू दिलं नाही. त्यांनी हे दयेपोटी केलं असं मात्र कोणी समजू नये. त्यांना स्वतःला घरी जायची घाई असायची, एवढंच.

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या एका खाणीवर ते एकोणतीस वर्षं टाइमकीपर होते. फाटकाशेजारी पत्र्याची खोली, खोलीत लाकडी फळा, फळ्यावर खिळे आणि खिळ्यांना नंबर कोरलेले पितळी बिल्ले. कामगारानं आत जाताना आपला बिल्ला न्यायचा आणि बाहेर पडताना आणून टांगायचा. एक जरी खिळा रिकामा दिसला तरी आत माणूस आहे असं धरायचं, आणि आत माणूस असताना टाइमकीपरनं जागा सोडायची नाही, असा नियम होता. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की सगुणबाबांचा सगळा जीव त्या रिकाम्या खिळ्यांत अडकायचा.

एकदा एक नवा इंजिनियर भोंग्यानंतरही नकाशे पसरून बसून राहिला. काम काही नव्हतं, पण आपण किती मन लावून काम करतो हे साहेबांना दिसावं अशी त्याची इच्छा होती. सगुणबाब आत गेले, नमस्कार केला, त्याच्या शर्टाच्या खिशातून बिल्ला काढला, बाहेर येऊन फळ्यावर टांगला आणि सायकलवर बसून घरी गेले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून जाब विचारला. सगुणबाब शांतपणे म्हणाले, "तो बाहेर पडला असं फळा सांगतो. आता फळा खोटा की तुमचा इंजिनियर, ते तुम्हीच ठरवा." इंजिनियर पुढे वेळेवर घरी जायला लागला आणि वर्षभरात त्याचं लग्नही जमलं. त्याचंही श्रेय सगुणबाब आपल्याकडेच घेत.

दोन हजार बारा साली खाणी बंद पडल्या आणि टाइमकीपर घरी आले. घरी मोजायला दुसरं कोणी नसल्यामुळे त्यांनी बायकोचे तास मोजायला सुरुवात केली. "कमलाक्षी, तुझी पाळी सुटता कितक्या वाजता?" असं त्यांनी एकदा विचारलं. कमलाक्षीनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "तुमी सरणावर चडल्यार. आता पाट मांडा." त्यानंतर त्यांनी ते खातं बंद केलं.

अशा माणसाच्या धाकट्या लेकीनं नेमकी तीच नोकरी शोधावी, जिथे कामाच्या तासांना बूडही नाही आणि टोकही नाही, याला काय म्हणावं.

गौरवी पुण्यात व्यवस्थापन शिकत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या दोन महिन्यांसाठी तिला मुंबईच्या एका दलाली कंपनीत ट्रेडिंग डेस्कवर घेतलं होतं. डेस्क म्हणजे दहा-बारा माणसांचा एक गट, जो दिवसभर गिऱ्हाइकांसाठी शेअर विकत घेतो आणि विकतो. उमेदवार सहा होते आणि त्यांतले दोघेच पुढे कायम होणार होते. गौरवीला ती जागा हवी होती, अगदी जिवापाड हवी होती. शाळेत असल्यापासून ती बाजाराची पानं वाचत आली होती. पण ते वर्ष लॉकडाउनचं निघालं, मुंबई बंद झाली, आणि दोन महिन्यांचं सगळं काम संगणकावरून, आपापल्या घरातून करायचं ठरलं.

लाटंबार्सेच्या घरात रेंज नव्हती. ती मिळायची टेकडीवरच्या काजूच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे अवजारं ठेवायच्या खोपीत, आणि तीही शेजारच्या महाराष्ट्रातून पाझरून यायची. पंपासाठी तिथे वीज होती. सगुणबाबांनी घरातलं कदेल, म्हणजे खुर्ची, डोक्यावर घेऊन टेकडी चढवली, फावडी कोपऱ्यात सारली आणि गोव्यातला पहिला ट्रेडिंग डेस्क आपणच उघडल्याच्या थाटात ते खाली उतरले.

पहिल्या दिवशी लेक सकाळी सातला बसली. बाजार सव्वानऊला उघडतो आणि साडेतीनला बंद होतो, हे बाबांनी तिच्याकडून आधीच वदवून घेतलं होतं. बरोबर तीन एकतीसला ते दुपारचा रिकामा डबा न्यायला मांगराच्या दारात उभे राहिले.

"चल गो. बाजार बंद झालो."

"बाबा, बाजार बंद झालो, काम खंय बंद झालां?"

काम खरोखरच होतं. दिवसभराच्या व्यवहारांच्या याद्या ताडून बघायच्या, उद्याच्या टिपणांची तयारी करायची. ते साडेसहापर्यंत चालायचं. सातला संपायचं म्हणजे संपायचंच. आणि तरी गौरवी साडेआठ, कधी नऊपर्यंत तिथेच बसून असायची. आठवडाभर सगुणबाबांनी जनेलातून, म्हणजे मांगराच्या खिडकीतून, व्यवस्थित पाळत ठेवली. सातनंतर पोर वहीच्या मागच्या पानावर घरं काढायची, त्या घरांना कौलं काढायची, आणि कौलं संपली की पुन्हा नवं घर काढायची.

"काम सरला मगे? मग बसान किदें करतंस?"

"आमच्या डेस्काची प्रमुख पल्लवी मॅडम उठल्याशिवाय कोण उठणा नाय."

"तसा सांगल्यान तिणे?"

"सांगूक कशाक होया? समाजता."

सगुणबाबांना घाम फुटला. "पाळी समजून घेवची नसता गो, ती फळ्यार लिवन लावतत!" त्यांनी तिचं नेमणुकीचं पत्र मागवलं आणि कामाचे तास कुठे लिहिलेत ते शोधलं. तिथे होतं, 'कामाच्या गरजेनुसार'. त्यांनी चष्मा पुसून तीनदा वाचलं. त्यांच्या खाणीवर असं लिहिणाऱ्या माणसाला कामगारांनी ट्रकमध्ये घालून पणजीला पोचवलं असतं.

त्यांनी आधी सौम्य उपाय करून पाहिले. सव्वासातला पंपाचा फ्यूज काढला. मे महिन्यात वीज जाते, त्यात संशय घ्यायला कुणाला सवड? दोन दिवस गौरवी आठ वाजता घरी जेवली. तिसऱ्या दिवशी तिनं बापाच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला, फ्यूज बाहेर काढला आणि परत बसवला.

मग बोलता बोलता तिनंच सांगितलं, की पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढे हिरवा ठिपका असतो. माणूस कामावर असला की तो हिरवा, उठून गेला की विझतो.

"बिल्लो!" सगुणबाब ओरडले. "आनी ते ठिपके कोणाक दिसतत?"

"सगळ्यांका. मॅडमाक पण."

सगुणबाबांनी कपाळावर हात मारला. आता त्यांना सगळं लख्ख दिसलं. ज्याच्यासमोर फळा असतो त्याला शेवटचा बिल्ला टांगेपर्यंत घरी जाता येत नाही. ती बिचारी बाई खोळंबली होती! गौरवी हसून हसून बेजार झाली. "बाबा, ती डेस्काची प्रमुख. तुमच्यासारखी टाइमकीपर न्हय." पण एकोणतीस वर्षांची समजूत लेकीच्या हसण्यानं थोडीच जाते.

दोन दिवसांनी, संध्याकाळी पावणेआठला, गौरवी पाय मोकळे करायला विहिरीपर्यंत गेली. संगणक चालूच होता. मांगरात माकडं शिरतात म्हणून राखण करायला बाबा कदेलावर बसले. समोर पडद्यावर चौकटी होत्या आणि त्यांत आपापल्या घरी बसलेली डेस्कावरची माणसं होती. एक मुलगा कडक इस्त्रीच्या शर्टात बसल्या बसल्या डुलक्या घेत होता. एक मुलगी चौकटीबाहेर हात नेऊन काहीतरी खात होती आणि तोंड न हलवता चावत होती. मधल्या चौकटीत पस्तिशीची एक बाई चष्मा लावून गप्प बसली होती. तेवढ्यात तिनं वर पाहिलं.

"गौरवी? हे कोण?"

सगुणबाबांनी प्राथमिक शाळेतलं मराठी बाहेर काढलं. मास्तर, पाहुणे आणि देव यांच्याशी ते त्याच मराठीत बोलत. "मी तिचा वडील. सगुण गावस, टाइमकीपर, निवृत्त. ती विहिरीवर गेली आहे. आपण पल्लवी मॅडम का? एक विचारायचं होतं. आपण घरी कधी जाणार?"

"मी घरीच आहे काका."

"ते खरंच. म्हणजे, उठणार कधी?"

डुलक्या घेणारा मुलगा खाडकन जागा झाला. मॅडमच्या मागून कुकरची शिट्टी झाली आणि एका लहान मुलीचा आवाज आला, "आई, झालं का गं?"

"मुलं अजून काम करतायत ना," मॅडम म्हणाल्या. "शिकायला आली आहेत. ती बसलेली असताना मी कशी उठू? त्यांना वाटेल, हिला आमची पर्वाच नाही."

सगुणबाबांना इतका आनंद झाला की त्यांनी मांडीवर थाप मारली. "मॅडम, ही मुलं तुम्ही उठायची वाट बघत आहेत! माझी तर घरं काढते. आठवडाभरात सतरा घरं काढली. डिचोलीचा बाजार होईल आता वहीत."

मग सगुणबाबांनी एकेका चौकटीला विचारलं, "तुझं काम आहे? तुझं? आणि तू, खातेस ती, तुझं?" एकेक मान नाही म्हणून हलली. "मग बसता कशाला? चला, सुट्टी!" आणि तोंडानं त्यांनी असा काही भोंगा काढला की फांदीवरचं माकडही पळालं. पडद्यावरचे ठिपके एकामागोमाग विझत गेले. शेवटी मॅडम आणि ते असे दोघेच उरले.

"काका, आधी तुम्ही," मॅडम हसू दाबत म्हणाल्या.

"छे. टाइमकीपर शेवटचा."

गौरवी परत आली तेव्हा पडदा काळा होता आणि बाप खूश होता. सगळं ऐकून ती कदेलावर बसली आणि रडायला लागली. "बाबा, गेली माझी नोकरी. सगळ्या डेस्काक तुमी हाकलून घातलात. माका कोण घेतलो आता?" सगुणबाबांचं तोंड उतरलं. खाणीवर कुणाचा बिल्ला टांगला म्हणून कोणी रडलं नव्हतं. त्या दिवशी दोघंही जेवली नाहीत, आणि कमलाक्षीनं नवऱ्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून सगुणबाब मांगरामागच्या झाडाखाली बसून होते. दिवसभर मॅडम त्या विषयावर चकार शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी साडेसहाला मात्र म्हणाल्या, "ज्याचं काम संपलंय त्यानं उठावं. गौरवीच्या बाबांना पुन्हा यायला लावू नका." सगळी हसली. गौरवी हसली नाही. आपलं नाव यादीतून कधीच कटलं, अशी तिची खात्री होती. सगुणबाबांनी आपणहून शिक्षा घेतली. महिनाभर ते मांगराच्या दारात गेले नाहीत. डबा फणसाखाली ठेवायचे, दोनदा खाकरायचे आणि खाली उतरायचे.

दोन महिने सरले आणि निवड कळली. लखनौचा एक मुलगा आणि गौरवी गावस. मॅडम तिला म्हणाल्या की दुसऱ्या महिन्यात तिच्या याद्यांतल्या चुका जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. "माझ्यामुळे," सगुणबाब म्हणाले. "माझ्या अभ्यासामुळे," गौरवी म्हणाली. खरं काय ते बाजाराला ठाऊक. सगुणबाबांनी साखळीच्या बाजारातून पेढे आणले आणि ओळखीच्या प्रत्येक माणसाला भोंगा काढून दाखवला.

गौरवी मुंबईला गेली. तीन वर्षं झाली. गेल्या मे महिन्यात तिच्या हाताखाली सुट्टीतली चार मुलं दिली. एका संध्याकाळी आठला बाबांनी फोन लावला.

"जेवलंस गो?"

"नाय बाबा. हापीसात आसय."

"काम आसा?"

"माझा केदनाच सरला. पण पोरां बसली आसत. तीं बसलेलीं आसताना मी कशी उठू? बरां दिसणा नाय."

सगुणबाबांना आधी हसू आलं, मग राग आला, आणि मग मनापासून वाईट वाटलं. ती कौलांची घरं काढणारी पोर ती हीच. ओरडून उपयोग नव्हता, मुंबई लांब होती आणि फ्यूज हाताशी नव्हता. त्यांनी घसा साफ केला.

"एक काम कर. त्या पोरांतल्या एकाच्या बापाशीचो फोन नंबर दी माका."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचं ऐकू आलं, आणि गौरवी तिकडे कुणाला तरी मोठ्यानं म्हणाली, "चला रे, उठा सगळी. जेवायला जा."